मदत हवी आहे : स्कीइंगला पुन्हा गुलमर्गच, की आता देशाबाहेर?

रामदासपेठी | शुक्रवार, रात्री ११.२०

मंडळी, उत्तर लवकर हवंय. सोमवारी रजेचा अर्ज टाकायचा आहे आणि नागपूर-दिल्ली विमानाची तिकिटं रोज वर चढताहेत. उत्तराखंडातल्या औलीला कोर्स झाला, नंतर गुलमर्गला जाऊन आलो. आता घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो गुलमर्ग अजून नीट झालंच नाही, तिथेच जाऊ. दुसरा म्हणतो थोडे पैसे वाढवले तर कझाकस्तानातलं अल्माटी किंवा जॉर्जियातलं गुदौरी होतं, जरा बाहेरचे उतार पाहू. स्कीइंग शिकणाऱ्याने आपला डोंगर सोडून बाहेर जावं का, आणि गेलं तर कधी? दोन्हीकडे केलेल्यांनी सांगा. "दोन्ही छान आहेत" असं उत्तर नको, ते घरात रोज ऐकतेय.

फुटाळाकाठ | रात्री ११.४८

ताई, महिना कोणता, किती जणं, बजेट किती, काहीच नाही लिहिलं तुम्ही. असं कसं सांगणार कोणी?

रामदासपेठी | रात्री ११.५५

महिना थंडीचाच. बजेट मध्यम. प्रश्न जागेचा आहे, त्यावर बोला ना.

हिमवेडी | शनिवार, सकाळी ७.०५

गुलमर्ग. यात विचार करण्यासारखं काहीच नाही. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा मधल्या कोंगडोरीला नेतो, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. स्की घेऊन एवढ्या उंचीवर सोडणाऱ्या केबल कार जगात मोजक्याच आहेत. तिथल्या कोरड्या, भुसभुशीत बर्फासाठी युरोपातली माणसं विमानं बदलत येतात आणि आपण तिथून बाहेर जायचं? एकाच डोंगरावर पुन्हा पुन्हा गेलं की प्रशिक्षक ओळखीचा होतो. माझा प्रशिक्षक मी बूट आवळत असतानाच सांगतो, डाव्या वळणावर मागे रेलायचं नाही. मागच्या हंगामातलं त्याला आठवतं. नव्या देशात दर वेळी पहिल्या धड्यापासून सुरुवात.

चाकोरीबाहेर | सकाळी ७.४०

हिमवेडी, तुमचं प्रेम कळतं, सल्ला पटत नाही. अफरवटवरून खाली येणारे उतार यंत्राने दाबून सपाट केलेले नसतात. नुकता कोर्स केलेल्या माणसाला ते ३,९५० मीटर काय कामाचे? तो राहणार कोंगडोरीला आणि खालच्या बेबी स्लोपवर. गंडोलाच्या रांगेत बर्फ बघायला आलेले पर्यटकही असतात, सकाळ तिथेच जाते. वळणं पक्की होतात ती दिवसात किती वेळा खाली आलात यावर.

गुदौरीला मला हे पहिल्याच दिवशी जाणवलं. खाली या, लगेच खुर्चीची लिफ्ट, पुन्हा खाली. उतारांना रंग दिलेले असतात. हिरवा आणि निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. आपल्या कुवतीचा उतार निवडायचा आणि त्यावरच घासायचं. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीपासून जेमतेम १२० किमी, पायथा २,००० मीटरच्या आसपास, वरचं टोक ३,२०० च्या पुढे. शिकणाऱ्याने लवकरात लवकर बाहेर जाऊन दाबलेल्या उतारावर पाय तयार करावेत आणि मग गुलमर्गच्या मोकळ्या बर्फात उतरावं, असं माझं ठाम मत आहे.

हिमवेडी | सकाळी ८.१०

म्हणजे गुलमर्गला कोणी शिकलंच नाही? आरिफ खान तिथलाच. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून तो एकटा होता, जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीत, ४५ वा आला. पाया गुलमर्गलाच घातला त्याने.

चाकोरीबाहेर | सकाळी ८.२२

आणि तयारीला युरोपात गेला. आंचल ठाकूर मनालीची, २०१८ चं स्कीइंगचं ब्राँझ तिने तुर्कस्तानात मिळवलं. दोघांनाही बाहेर पडावं लागलं, हेच मी म्हणतोय. शिवाय हिमस्खलनाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर त्यात दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन.

हिमवेडी | सकाळी ८.४१

दोन्ही वेळी ती माणसं आखलेल्या उतारांच्या बाहेर होती. गस्तीचं पथक गंडोलाच्या भोवतालचा भाग सांभाळतं, त्यापलीकडे जाणं ही प्रत्येकाची जबाबदारी. आणि तुमच्या गुदौरीला मार्च २०१८ मध्ये खुर्चीची लिफ्ट उलटी फिरून माणसं फेकली गेली होती. सुरक्षित जागा म्हणून परदेश दाखवू नका.

जुना_गडी | सकाळी ९.१५

नमस्कार. विमानाचा एवढा खर्च कशाला? नागपूरवरून हिमसागर एक्स्प्रेस कटऱ्यापर्यंत जाते, आठवड्यातून एकदाच आहे, आरक्षण लवकर करावं लागतं. जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. श्रीनगर ते गुलमर्ग ५० किमी. बर्फ असला की टंगमर्गच्या पुढे आपली गाडी सोडत नाहीत, चाकांना साखळ्या लावलेली गाडी करावी लागते, ते पैसे वेगळे धरा. आणि आपल्या इकडचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, एक तरी पोस्टपेड नंबर जवळ ठेवा.

घरात लहान मुलं असतील तर चिखलदराही उत्तम. डिसेंबरात पहाटे मस्त गारवा असतो, परतवाड्यावरून रस्ता चांगला आहे आणि कोणाचा पाय मोडत नाही.

फुटाळाकाठ | सकाळी ९.३०

काका, चिखलदऱ्याला बर्फ कुठून आणायचा? ताई स्कीइंगचं विचारून राहिल्या.

डॉक्टरीण_अजनी | सकाळी १०.०५

जागा कुठलीही ठरवा, आधी गुडघ्यांचं बघा. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, गुलमर्ग गाव २,६५० वर. विमानाने एका दिवसात एवढं चढलात तर पहिली संध्याकाळ डोकं धरून बसते. पहिल्या दिवशी स्की पायात घालूच नका, पाणी पीत राहा. आत्तापासून रोज सेमिनरी हिल्सचा चढ चढा आणि हळू उतरा. मांड्यांना खरा व्यायाम उतरताना होतो आणि स्कीइंगला तोच लागतो. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसण्याचा व्यायामही करा.

विमा घेताना कागद पूर्ण वाचा. बऱ्याच प्रवासविम्यांत हिवाळी खेळ धरलेले नसतात, ते वेगळे पैसे भरून जोडून घ्यावे लागतात, आणि तसं केलं तरी आखलेल्या उताराबाहेर झालेली दुखापत वगळलेली असू शकते.

आणि एक विचारते. तुम्ही सगळे एकाच पातळीवर आहात का? कोण स्नोप्लाव करतं (स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकवून वेग रोखणं), कोण पॅरलल (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं)?

रामदासपेठी | सकाळी ११.३०

मी सोप्या उतारावर पॅरलल वळते, तीव्र आला की पुन्हा स्नोप्लाव. नवऱ्याने कोर्स केला नाही, त्याला थांबता येतं एवढंच. मुलगा ११ वर्षांचा, इथे इनलाइन स्केटिंग करतो, त्यामुळे तोल चांगला आहे. नाताळच्या सुट्टीत जाणार, २४ डिसेंबर ते २ जानेवारी. पण याने जागेचं उत्तर कसं बदलणार?

चाकोरीबाहेर | सकाळी ११.३४

पूर्ण बदलतं!

फुटाळाकाठ | सकाळी ११.५०

ताई, हेच तर काल रात्री विचारलं होतं. काश्मिरात चिल्लई कलान २१ डिसेंबरला लागतो, चाळीस दिवस कडाक्याचे, पण थंडी पडली म्हणजे बर्फ पडलाच असं नाही. जानेवारी २०२४ चा महिना जवळजवळ पूर्ण कोरडा गेला होता, गुलमर्गचे उतार मातीचे दिसत होते, बर्फ आला तो महिनाअखेरीस. २०२५ ला तर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलला, बर्फच नव्हता पुरेसा. वर बर्फ असेल तर अफरवटला असेल, तिथे तुमचे मिस्टर आणि लेकरू जाऊ शकत नाहीत. खालच्या बेबी स्लोपवर काही नसलं तर दहा दिवस काय करता? औलीचंही तसंच, आणि जोशीमठात २०२३ ला जमीन खचली तेव्हापासून खालून येणारा रोपवे बंद पडला.

माझं म्हणणं देश-परदेश हे नाहीच आहे. सुट्टी कधी आहे आणि सगळ्यात नवख्या माणसाला कोणता उतार लागतो, तेवढं पाहा, जागा आपोआप ठरते. तुमच्या बाबतीत अल्माटीजवळचं शिंबुलाक. दिल्लीवरून अल्माटी साधारण चार तासांचं विमान, भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पायथा २,२६० मीटर, वरचं टोक ३,२०० च्या जवळ, कृत्रिम बर्फाची सोय आहे, दाबलेले उतार आहेत. राहायचं शहरात, सकाळी डोंगराखालच्या मेदेऊवरून केबल कारने वर. आणि मेदेऊला बर्फावरच्या स्केटिंगचं प्रचंड मोठं मैदान आहे, तुमचा लेक तिथून निघायचाच नाही. नवीन वर्षाला तिथली मंडळीही सुट्टीवर असतात, म्हणून ३१ आणि १ ला गर्दी धरून चाला.

हिमवेडी | दुपारी १२.२०

डिसेंबरचं मान्य. मीही त्या तारखांना गुलमर्ग सुचवणार नाही. पण मग फेब्रुवारीत जा! मुलगा सहावीत असेल, आठ दिवस शाळा बुडाली तर काय होतं?

जुना_गडी | दुपारी १२.४५

शाळा बुडवू नये. परीक्षा तोंडावर असते. आमच्या वेळी एक दिवस चुकला तरी चिठ्ठी लागायची.

हिमवेडी | दुपारी १२.५२

काका, डोंगरावर आठ दिवस मूल जे शिकतं ते वर्गात शिकत नाही.

जुना_गडी | दुपारी १.०५

गणितही डोंगरावर शिकत नाही.

रानवाटा | दुपारी १.३०

एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. हिमालयात बर्फ बेभरवशाचा झाला म्हणून आपण आणखी लांब उडायचं आणि धूर आणखी वाढवायचा? गुलमर्गला स्की भाड्याने देणारे, प्रशिक्षक, वाटाडे यांचं वर्ष त्या थोड्या आठवड्यांवर चालतं. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर पर्यटक आटले, तेव्हा त्यांच्या घरात काय झालं असेल? मला हे खरंच टोचतं. जायचंच तर आपल्याच डोंगरात जावं, बर्फ असेल तेव्हा जावं, आणि नसेल त्या वर्षी घरी राहावं.

चाकोरीबाहेर | दुपारी १.५०

नागपूरकराला गुलमर्गही विमानानेच गाठायचं असतं. आपल्याला घरचा डोंगर नाहीच, सगळेच उतार परके.

रानवाटा | दुपारी १.५८

अंतरात फरक आहे. आणि पैसा कोणाच्या हातात पडतो यातही.

फुटाळाकाठ | दुपारी २.१०

रानवाटाचं पटते मला. पण नोकरीवाल्या माणसाला बर्फ पडला की निघता नाही येत ना. रजा आधी, बर्फ नंतर.

रामदासपेठी | रात्री ९.१५

सगळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. डिसेंबरात तिघं अल्माटीला. नवरा आणि मुलगा निळ्या उतारावर प्रशिक्षक घेऊन, मी आधी त्यांच्यासोबत, मग लालवर. रानवाटा, तुमचं बोलणं डोक्यातून जात नाहीये, म्हणून दुसरा भागही ठरवला. फेब्रुवारीअखेर बर्फाची खात्री झाली तर मैत्रिणीसोबत गुलमर्ग, हिमवेडींच्या प्रशिक्षकाकडे. हिमवेडी, नंबर व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवाल का?

फुटाळाकाठ | रात्री ९.२२

तिकिटं काढायच्या आधी तिघांचे पासपोर्ट पाहा. बहुतेक ठिकाणी सहा महिने शिल्लक मागतात.

रामदासपेठी | रात्री ९.४०

नवऱ्याचा मे महिन्यात संपतोय. सोमवारी रजेच्या अर्जाआधी पासपोर्टचा तत्काळ अर्ज. तिकीट तो हातात आल्यावर. बूट इथून नेऊ की तिथेच भाड्याने घेऊ?

चाकोरीबाहेर | रात्री ९.५५

या वेळी भाड्याने. फक्त लोकरीचे पातळ मोजे न्या, एकावर एक दोन घालू नका, पाय घसरतो आणि नडगी सोलते. पुढच्या हिवाळ्यातही स्कीइंग करणार असाल तर सगळ्यात आधी स्वतःचे बूट घ्या, स्की नंतर.

हिमवेडी | रात्री १०.०२

बुटांबद्दल पूर्ण सहमत. नंबर व्यनिने पाठवलाय.