कंबर व मानेच्या आजारासाठी अपंगत्व पेन्शन नाकारली. दुसरे अपील कसे करावे?

प्रश्न – माजी हवालदार, अहमदपूर (लातूर)

तोफखान्यातून मी ऑगस्ट २०२२ मध्ये निवृत्त झालो. कंबरदुखी फील्डमध्ये (सीमेलगतच्या खडतर नेमणुकीत), उंचावरच्या चौकीवर सुरू झाली. मात्र मणक्यातील चकती सरकल्याचे आणि मानेच्या स्पॉन्डिलोसिसचे (मणक्यांच्या झिजेचे) निदान पुढे पीस पोस्टिंगमध्ये (शांत भागातील नेमणुकीत) झाले. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाने दोन्हींचे मिळून ३० टक्के कायमचे अपंगत्व नोंदवले, परंतु ते सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि वाढलेलेही नाही, असा शेरा दिल्याने पेन्शन नाकारली गेली. पहिले अपीलही नुकतेच फेटाळले आहे. लातूरला काढलेला नवा एमआरआय जोडून दुसरे अपील करावे, की थेट सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जावे?

उत्तर – माजी सुभेदार, नांदेड

हवालदारसाहेब, नवा एमआरआय मणक्याची आजची अवस्था दाखवील, पण अपंगत्व तर बोर्डानेच मान्य केले आहे. वाद आहे तो कारणाचा. म्हणून आधी रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाकडून) बोर्डाच्या संपूर्ण कार्यवाहीची प्रमाणित प्रत मागवा आणि नकाराचे कारण शब्दशः वाचा. ‘आजार पीसमध्ये सुरू झाला’ एवढेच लिहिले असेल, तर फील्डमधील पहिला सिक रिपोर्ट (आजारी असल्याची नोंद), तिथल्या उपचारांची नोंद आणि पोस्टिंगचा क्रम हेच तुमचे खरे पुरावे होत. धर्मवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळे जडला असे गृहीत धरले जाते, ते खोडून काढण्याची जबाबदारी सरकारची असते आणि बोर्डाने आपल्या मताची कारणे लिहायलाच हवीत. तोफगोळे उचलणाऱ्या जवानाच्या मणक्याला वयोमानाची झीज म्हणून मोकळे होणे, हा माझ्या मते अन्यायच आहे. ते काम अपिलात तपशीलवार लिहा.

उत्तर – वकील, छत्रपती संभाजीनगर

सुभेदारसाहेबांशी सहमत आहे. केवळ निकालाचे नाव लिहून भागत नाही, तुमची कागदपत्रे त्याला जुळली पाहिजेत. दुसरे अपील टाळू नका, कारण सशस्त्र सेना न्यायाधिकरण कायदा, २००७ च्या कलम २१ नुसार उपलब्ध मार्ग वापरल्याशिवाय अर्ज सहसा स्वीकारला जात नाही. अपिलावर सहा महिन्यांत निर्णय न आल्यास मात्र मुंबई खंडपीठाकडे जाता येते. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याबाबतच्या, राम अवतार प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाच्या आधारे ३० टक्क्यांऐवजी ५० टक्के धरण्याची मागणीही सोबतच करा. अपंगत्व पेन्शनचे सप्टेंबर २०२३ चे नवे नियम तुमच्या निवृत्तीनंतरचे आहेत. नकाराच्या पत्रात त्यांचा आधार घेतला असेल तर हरकत नोंदवा.

उत्तर – माजी सैनिकाची मुलगी, अंबाजोगाई

काका, अर्जाचा मसुदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून घ्यावा, आणि स्पीड पोस्टची पावती जपून ठेवावी, कारण मुदतीचा हिशेब पुढे तारखांवरच होतो.