बोटीमागच्या स्कीचं ड्रोनने शूटिंग: उंची किती, वेग किती?

सिंहगडरोडकर: पानशेतच्या पाण्यावर स्कीच्या कसरती वरून टिपायच्या आहेत. ड्रोन २४९ ग्रॅमचा, कमाल वेग सेकंदाला १६ मीटर, उडवायचा बोटीवरूनच. पाण्यापासून किती वर ठेवू? आणि स्कीवाला सारखा फ्रेमबाहेर जातो, त्याला उपाय?

पाणकोंबडा: सेकंदाला १६ मीटर म्हणजे ताशी जेमतेम ५८ किमी, तेही वारा पडलेला असताना. स्लॅलमची (बोयांभोवती नागमोडी जाण्याच्या प्रकाराची) बोटच ५८ पर्यंत धावते आणि स्कीवाला लाट कापताना तिच्याहून कितीतरी जोरात जातो. त्याच्या मागे लागूच नका. बोटीचा वेग धरून तिला समांतर उडा, फ्रेम रुंद ठेवा, त्याला त्यात इकडून तिकडे जाऊ द्या. ट्रिक (कसरतींच्या) प्रकारात बोट ताशी ३० च्या आसपास असते, हात तिथे बसवा.

उंची ४ मीटरच्या खाली नको. पोटाखालचे सेन्सर हलत्या, चकाकत्या पाण्याला फसतात. ड्रोन नकळत खाली येतो किंवा लाटांबरोबर सरकतो. आणि दोरीच्या डोक्यावर कधीच थांबू नका. ती सेन्सरला दिसत नाही, शिवाय ताणलेली दोरी हातातून सुटली की हँडल सणकन बोटीकडे येतं. १०-१५ मीटर बाजूला राहा.

मुठाकाठ: खरा घोळ बोटीवर होतो. इंजिन बंद करून, बोट स्थिर झाल्यावरच ड्रोन चालू करा, नाहीतर जायरो (तोल मोजणारा सेन्सर) चूक दाखवतो. लोखंड आणि इंजिनपासून लांब, हातावरून सोडा. होम पॉइंट (ड्रोन आपोआप परततो ती जागा) सुरुवातीच्या जागीच राहतो, बोट मात्र पुढे गेलेली असते; ‘रिटर्न टू होम’ने ड्रोन थेट पाण्यात उतरेल. सिग्नल तुटल्यावर जागीच थांबण्याची सेटिंग ठेवा, होम पॉइंट अधूनमधून बदला. बॅटरी ३०% ला परत. झेलताना ड्रोनखाली तळवा धरला की ड्रोन त्याला अडथळा समजून वर जातो, तेव्हा स्टिक खाली दाबून धरा.

सिंहगडरोडकर: आणि शटर? तुषार पुसट येतात.

पाणकोंबडा: सेकंदाला ५० फ्रेम असतील तर १/१०० ने हालचाल मऊ दिसते. तुषारांचे थेंब सुटे हवे असतील तर १/१००० ठेवा, एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) काढून. पोलरायझर फिल्टरने चकाकी जाते, पण ड्रोन वळला की पाण्याचा रंगही बदलतो. एकाच दिशेच्या शॉटलाच लावा.

मुठाकाठ: २५० ग्रॅमपर्यंत पायलट परवाना लागत नाही, पण रेड झोन (परवानगीशिवाय उड्डाणबंदीचा भाग) सगळ्यांनाच लागू. पानशेतच्या वाटेवर खडकवासल्याच्या काठावर एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे, त्यामुळे निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा बघाच.