मदत हवी आहे: मिश्र प्रेक्षकांत "आधी दगड कोणी मारला?" हा प्रश्न आला तर सूत्रधाराने काय करावं?

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या महाल आणि मोमिनपुरा या वस्त्यांमधल्या आम्ही १२ जणांनी (वय १८ ते २४) २० मिनिटांचं नाटक बसवलंय. १७ मार्च २०२५ ला महालात हिंसाचार झाला, संचारबंदी लागली. त्यानंतर बोलणं तुटलेल्या दोन मैत्रिणींची ही गोष्ट. बाज आपल्या विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्याचा, शाहीर आणि ढोलकीसकट. शेवट मात्र ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरसारखा उघडा: प्रसंग पुन्हा सुरू होतो, प्रेक्षक "थांबा" म्हणतो, पात्राच्या जागी येतो आणि वेगळं वागून बघतो.

एकेका वस्तीत वेगळे प्रयोग केले तेव्हा लोक मोकळे झाले, एक आजी तर स्वतः उठून आल्या. दोन्हीकडचे एकत्र बसले आणि मागून आवाज आला, "आधी दगड कोणी मारला ते सांगा." आमची सूत्रधार गोंधळली, प्रयोग थांबवावा लागला. नंतर पात्रांची नावं काढली, प्रेक्षक ४० वर आणले, सुरुवातीला खेळ घेतले. वातावरण निवळलं, तरी प्रश्न पुन्हा आलाच. तो टाळू नये असं मला मनापासून वाटतं, कारण लोकांच्या मनात तोच आहे.

प्रयोग बंद हॉलमध्येच होतात, परवानगी घेतलेली आहे, मोबाईलवर चित्रीकरण करू देत नाही. बाहेरून प्रशिक्षक बोलवायला पैसे नाहीत. पुढचा मिश्र प्रयोग तीन आठवड्यांनी आहे.

तणावानंतर असं काम कोणी केलंय का? हा प्रश्न सूत्रधाराने मंचावर घ्यावा का, आणि घेतलाच तर विचारणाऱ्याला नेमकं काय म्हणून पात्राच्या जागी आणायचं?