मदत हवी आहे : पावसाळ्यात दोन खोल्यांत धुणं कसं वाळवता?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारात राहतो. जुनं घर, दोन खोल्या, एक अरुंद गॅलरी आणि माणसं पाच. नळ सकाळीच येतो, त्यामुळे डबे आणि शाळेच्या गडबडीतच धुणं उरकावं लागतं.

उन्हाळ्यात प्रश्न नसतो, चादरीसुद्धा दुपारपर्यंत खडखडीत. आता मात्र पंख्याखाली दोऱ्या बांधूनही टॉवेल आणि जीन्स दुसऱ्या दिवशी दमटच, वर तो कुबट वास! सासूबाईंची सुती नऊवारी दोरीवर चौपदरी टाकावी लागते, मग आतला पदर ओलाच राहतो. त्यांना रोज धुतलेलं लुगडं लागतं आणि ते मिळायलाच हवं.

सध्या गणवेश रोज, टॉवेल एक दिवसाआड, चादरी रविवारी. मशीनमध्ये दुसऱ्यांदा नुसतं पिळून घेतलं की बरंच पाणी निघतं, तेवढा फरक पडलाय.

छताला कप्पीवर वर-खाली होणारा स्टँड कोणी लावलाय का? लाकडी तुळईला ओल्या कपड्यांचं वजन झेपतं का? आणि नऊवारी कमी जागेत कशी वाळवता? जुन्या घरात राहणाऱ्यांनी जरूर सांगा, श्रावणाच्या आत काहीतरी बसवायचं आहे.