रिव्हॉल्व्हर झाकणारा कुर्ता शिवून द्यावा का?

सुईदोरा

गिरगावात माझं कपडे शिवायचं छोटं दुकान आहे. ब्लाउज, कुर्ते, परकर, फॉल-पिको, सगळं. गेल्या सोमवारी शटर ओढायच्या वेळेला एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या. झवेरी बाजारात त्यांचा घरचा धंदा आहे, नवरा गेल्यापासून त्याच बघतात. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री माल नाहीतर रोकड घेऊन घरी यावं लागतं. दोनदा पाठलाग झालाय. रीतसर शस्त्र परवाना मिळालाय, तो त्यांनी स्वतःहून काउंटरवर ठेवला. .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. म्हणाल्या, "अंगावर नीट बसेल असं काहीतरी शिवून दे. कुणाला दिसायला नको आणि माझ्या हातून चुकून काही व्हायला नको."

रात्रभर तोच विचार. पुरुषाच्या पँटला जाड कंबरपट्टी असते, लूप असतात, त्यातून चामड्याचा पट्टा जातो. आपल्याकडे काय, तर नेफा आणि त्यातली नाडी. २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर खास बायकांसाठी म्हणून बाजारात आणलं. दिल्लीच्या निर्भयावरून ते नाव. वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये, आणि दागिन्यांच्या डब्यासारखी पेटी. पण हा अर्धा किलो बाईने साडीत किंवा सलवारीत अडकवायचा कुठे, ते कुणी सांगितलं नाही.

म्हणून शेजारच्या वाण्याकडून अर्ध्या किलोचं लोखंडी वजन मागून आणलं, जाड कापडाच्या खिशात घातलं आणि स्वतःच्या कमरेला लावून दोन दिवस वावरले. नाडीची सलवार दुसऱ्या जिन्यापर्यंत एका बाजूने खाली आली. लेगिंगचं इलॅस्टिक तर वजन घेतच नाही, खिसा उलटा पडतो. साडीत परकराच्या नाडीवर भार आला की निऱ्या ढिल्या होतात, आणि पदर सावरायला हात सारखा तिथेच जातो. मग लपवून उपयोग काय? आपल्या कमरेखाली लगेच बाक असतो, त्यामुळे पुरुषांच्या मापाचं होल्स्टर, म्हणजे हत्यार ठेवायचं म्यान, लावलं की मूठ बरगडीत टोचते. बसलं की जास्तच.

शेवटी जमलं ते असं. सलवारीपासून वेगळा, दुपदरी कॅनव्हासचा दोन इंची पट्टा, मागे हुकांच्या तीन ओळी. त्यावर टणक होल्स्टर, चाप म्हणजे ट्रिगर पूर्ण झाकणारं. ते तयारच घ्यायचं, मी शिवणार नाही. वरून ए-लाईन कुर्ता, बारीक छापील नक्षीचा, कारण एकरंगी जॉर्जेटवर कडेचा ठसा लगेच उमटतो. अस्तर सुती. बाजूचा काप दोन बोटं वर, म्हणजे डाव्या हाताने कुर्ता उचलता येतो.

माझं मत सांगून टाकते. परवाना असलेल्या बाईला असे कपडे मिळालेच पाहिजेत. नाहीतर ती हत्यार पर्समध्ये टाकते, आणि पर्स ही सगळ्यात वाईट जागा. तुम्हाला काय वाटतं?

आठचाळीसची_लोकल

सुईदोरा, तुमच्या हातात कला आहे, पण हे काम नका घेऊ. कळकळीने सांगते.

मी बावीस वर्षं डोंबिवलीहून फोर्टला येते. लेडीज डब्यात सकाळी काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. दादरला उतरताना आपण उतरत नाही, आपल्याला उतरवतात. माझी ओढणी कुणाच्या छत्रीत, कुणाची वेणी माझ्या बॅगेच्या चेनमध्ये, समोरच्या बाईचं कोपर माझ्या पोटात. तिथे कुणाच्या कमरेला भरलेलं रिव्हॉल्व्हर आहे हा विचार मनात आला तरी अंगावर काटा येतो. तुमच्या बाई टॅक्सीने जात असतील, पण उद्या हा कुर्ता बघून दुसरी मागेल, ती ट्रेनने जाणारी असेल.

आणि वेळ आल्यावर ते निघणार कसं? आधी डाव्या हाताने कुर्ता वर, मग उजव्या हाताने बाहेर. तेवढ्यात ज्याला हल्ला करायचाय तो मनगट धरून मोकळा होतो. मग ते हत्यार कुणाचं झालं?

माजी_हवालदार

सुईदोरा ताई, चर्चा चांगली आहे, पण काही कायद्याच्या गोष्टी सांगतो. तीस वर्षं खात्यात काढली आहेत.

एक म्हणजे लपवणं हा चोरटेपणा नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि बाळगणाऱ्याचा त्याच्यावर ताबा हवा. तेव्हा बाई मागतायत ते नियमाला धरूनच आहे. ते कमरेवर मिरवणाराच नियम मोडतो.

पण परवाना मिळाला म्हणजे सगळीकडे नेता येतं असं नाही. मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी बंदीचे हुकूम निघतात. निवडणुकीत शस्त्र ठाण्यात जमा करायला सांगतात. मॉल, थिएटर, मेट्रो, कोर्ट, सिद्धिविनायक, सगळीकडे तपासणी. दारात अडवलं तर त्या हत्यार ठेवणार कुठे? वॉचमनच्या हातात द्यायचं नसतं, बिनपरवाना माणसाच्या हाती दिलं तर तो गुन्हा. त्यांना सांगा, दुकान ते घर, मध्ये कुठेही थांबा नाही.

आणि गोळी कधी झाडता येते हे त्यांना ठाऊक आहे का, ते विचारा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ प्रमाणे जिवाची, गंभीर इजेची, बलात्काराची, ॲसिड फेकलं जाण्याची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही बचावाचा हक्क आहे. दरोड्यातही आहे. पण पिशवी हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर उरलेलं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात जाईल. मी अशी माणसं पाहिली आहेत.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. रात्री अकराला ड्यूटी सुटते आणि पुलावरून एकटीने चालत स्टेशन गाठायचं असतं. गेल्या पावसाळ्यात त्या पुलावर एकाने मागून तोंड दाबलं. मी चावले, डबा त्याच्या तोंडावर मारला, पळाले. स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा होता. अजून पोचा आहे त्याला. रोज घासताना बोटाला लागतो.

आठचाळीस ताई, तुम्ही म्हणता मनगट धरेल. धरेल ना. पण मनगट तर तो तसंही धरणारच होता. डबा हाती नसता तर काय करायचं होतं? प्रत्येक वेळी कुणी ना कुणी सांगतं की बाईच्या हातात हत्यार दिलं की ते तिच्यावरच उलटेल. बापालाही भीती, नवऱ्यालाही भीती. आम्ही शिकू शकत नाही का? सराव करू शकत नाही का? रोज हजारो बायका इंजेक्शनची सुई हाताळतात, शीर शोधतात, हात थरथरत नाही.

मला परवाना मिळणार नाही हे मला माहीत आहे, आणि लाखभर रुपयांचं हत्यार परवडणारही नाही. पण ज्या बाईला मिळालाय, तिला नीट शिवून द्या. एवढंच.

दोन_पिल्लं

पर्स सगळ्यात वाईट, या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. कारण सांगते.

अमेरिकेत आयडाहो राज्यात हेडन गावी ३० डिसेंबर २०१४ ला एक आई वॉलमार्टमध्ये खरेदी करत होती. पिस्तूल पर्समध्ये, खास हत्यार ठेवण्यासाठी केलेल्या चेनच्या कप्प्यात. सोबत दोन वर्षांचा मुलगा. त्याने चेन उघडली, हात आत घातला आणि गोळी सुटली. आई तिथेच गेली. तिच्याकडे परवाना होता, वापरायची सवय होती, सगळं होतं.

माझी धाकटी अडीच वर्षांची आहे. माझ्या पर्समधून तिने गेल्या आठवड्यात लिपस्टिक, पास आणि अर्धी बिस्किटं काढली, मी भाजी घेत असताना, दोन मिनिटांत. तेव्हा सुईदोरा, तुमच्या बाईंच्या घरात लहान मूल आहे का ते आधी विचारा. पट्टा कितीही मजबूत असो, घरी आल्यावर तो काढतात कुठे? खुंटीवर? कपाटाला कुलूप आहे का? किल्ली कुठे? मी तुमच्या जागी असते तर शिवलं नसतं.

मरीनलाईन्स

एवढा खटाटोप कशाला? मिरचीचा स्प्रे ठेवावा, पोलिसांचा १०३ नंबर ठेवावा, विषय संपला.

रात्रपाळी

मरीनलाईन्स दादा, १०३ आहे, रेल्वेचा १५१२ आहे, ११२ आहे. तिन्ही माझ्या फोनमध्ये आहेत. त्या रात्री फोन पर्समध्ये होता आणि पर्स पायाखाली. स्प्रे मीही घेतलाय आता. पण पुलावर वारा समोरून आला तर तो माझ्याच डोळ्यात. विषय इतक्या लवकर संपत नाही हो.

सुईदोरा

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. दोन_पिल्लं, मी विचारलं त्यांना. घरी नातू येतो, शनिवार-रविवार. लोखंडी कपाट आहे, पण किल्ली देव्हाऱ्यात असते आणि नातवाला ती जागा ठाऊक आहे. हे त्या सहज बोलल्या आणि मी मात्र हादरले. तिजोरीसारखी आकड्यांच्या कुलपाची पेटी भिंतीला ठोकून घ्या, मगच फिटिंगला या, असं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही.

आणि एक गोष्ट काल रात्री लक्षात आली, जी कुठल्याच शिंपीकामात शिकवत नाहीत. त्यांच्या आवडत्या सलवारींना मी नेहमी नाडीला गोंडे लावून देते. लाल रेशमी, टोकाला मणी. आरशासमोर उभी राहून वजनाचा खिसा काढला, परत आत सारला, आणि गोंडा खिशाच्या तोंडात गेला. तिथे खरं होल्स्टर असतं आणि हत्यार परत ठेवताना हा मणी चापाच्या कडीत शिरला असता, तर पुढचा दाब आपोआप आला असता. थेट मांडीत. ओढणीचं टोक, कुर्त्याची लटकन, मोकळी सुटलेली दोऱ्याची गाठ, प्रत्येकाने तेच होऊ शकतं. आता तो कुर्ता पूर्ण साधा. एकही लटकन नाही, नाडी आत टाचलेली, आतल्या सगळ्या शिलाया इंटरलॉक करून पट्टीखाली बंद.

आठचाळीसची_लोकल

गोंड्याचं वाचून माझं मन थोडं हललं, हे कबूल करते. तुमच्याइतका विचार त्या बाईंनी केला असेल असं वाटत नाही. पण एक प्रश्न अजून आहे आणि तो फक्त बायकांचा आहे, म्हणून इथे विचारते. बाथरूमला जायचं झालं तर?

स्टेशनवरच्या शौचालयात खिळा नाही, फळी नाही, जमीन ओली. सलवार सोडायची तर पट्टा, होल्स्टर, हत्यार सगळं कुठे ठेवायचं? हातात धरून बसायचं? गळ्यात अडकवायचं? मी तिथे पर्ससुद्धा दातात धरून उभी राहिले आहे. दुकानात शौचालय आहे का त्यांच्या?

सुईदोरा

नाही. मार्केटचं सामाईक आहे, जिन्याखाली.

तुम्ही म्हणता ते मी आधी विचारातच घेतलं नव्हतं. म्हणूनच पट्टा सलवारीपासून वेगळा ठेवला ते बरं झालं. नाडी सोडली तरी पट्टा कमरेला राहतो, फक्त त्याची जागा चार बोटं वर, बेंबीच्या रेषेत घ्यावी लागेल. वजन लावून काल घरी बसून पाहिलं. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवं बसताना मूठ पोटाला दाबते, पण निसटत नाही. हुकांच्या तीन ओळींऐवजी चार करतेय.

माजी_हवालदार

ताई, पावसाळ्याचंही बघा. आमच्या खात्यात जून ते सप्टेंबर हत्याराला रोज तेल-पुसणी करावी लागायची. घाम आणि खारी हवा, दोन्ही लोखंडाला खातात. सुती अस्तर घाम शोषून धातूला चिकटवेल. होल्स्टर आणि अंग यांच्या मध्ये मेणकापडाचा एक थर घाला.

सुईदोरा

घालते. छत्रीवाल्याकडून कापड आणलंय, आज रात्री टाचून बघते. गुरुवारी फिटिंग आहे. त्यांना सांगितलंय, हत्यार घरीच ठेवून यायचं, माप मी वाण्याच्या वजनावरच घेणार. आणि त्या भिंतीतल्या पेटीचा फोटो दाखवल्याशिवाय कुर्ता हातात देणार नाही.

दोन_पिल्लं

फोटो कुलूप लावलेला मागा. आणि किल्लीची पेटी असेल तर घेऊ नका म्हणावं, आकड्यांचीच.