मदत हवी आहे: ५० मिनिटांच्या परिसंवादात श्रोत्यांचे प्रश्न कधी घ्यावेत?

विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनात एका परिसंवादाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. विषय: चाहत्यांनी स्वतः काढलेली मासिकं, १९३९ च्या पहिल्या वर्ल्डकॉनच्या (विज्ञानकथेच्या जागतिक संमेलनाच्या) काळापासून आजपर्यंत. वक्ते चार, फिरता माईक एकच. विषय, वक्ते, वेळ यांत आता बदल होणार नाही.

घड्याळ लावून तालीम केली तर नुसत्या ओळखीतच १२ मिनिटं गेली; आता ती मीच दोन-दोन वाक्यांत करणार. चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवून पाहिले, पण उलटप्रश्न विचारता येत नाही. आणि या विषयात जुने अंक जपलेले लोक समोरच बसलेले असतात, त्यांना बोलू द्यायलाच हवं. शेवटची १५ मिनिटं राखून ठेवली तर ती वक्तेच खातात.

ज्यांनी असे परिसंवाद चालवलेत त्यांनी कृपया सांगा: प्रत्येक मुद्द्यानंतर दोन-तीन प्रश्न घेतले तर चर्चेचा धागा तुटतो का?