मदत हवी आहे: सणावारांचं अ‍ॅप ग्रुपने मिळून करायचंय, कुठली आयडिया धरू?

नमस्कार मंडळी,

आमचा नऊ जणांचा कोडिंगचा ग्रुप आहे, तिघं नोकरीवाले, बाकी इंजिनिअरिंगची पोरं, रविवारी सकाळी कॉलवर भेटतो. एकेकट्याचे प्रोजेक्ट करून झाले, आता सगळ्यांनी मिळून एकच काहीतरी करायचं आणि ते यंदाच्या गणपतीआधी लोकांच्या फोनवर गेलं पाहिजे असं ठरलंय. काय करायचं यावर मात्र तीन रविवार नुसता कल्ला चाललाय.

आधी गेल्या वर्षीचा पराक्रम सांगतो. बाप्पा यायला किती दिवस उरले असं काउंटडाऊन केलं होतं. २०२५ ची तारीख २७ ऑगस्ट, ती बरोबरच होती. पुढच्या वर्षासाठी कोणीतरी (बरं, मीच) चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं असतं म्हणून सरळ अकरा दिवस वजा केले. विसर्जन झाल्यावर अ‍ॅप बिनधास्त १६ ऑगस्ट २०२६ दाखवायला लागलं. यंदा अधिक ज्येष्ठ, गणपती १४ सप्टेंबरला! सोसायटीच्या ग्रुपवर एका काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो टाकला आणि खाली फक्त दोन प्रश्नचिन्हं. अजून टोमणे खातोय.

आता आयडिया. पोरांना दिवाळीच्या किल्ल्यांचा नकाशा करायचाय, आपल्या गल्लीतल्या किल्ल्याचा फोटो टाका, लोकं बघायला येतील, वगैरे. मस्त आहे, पण मग लॉगिन आलं, सर्व्हर आला, लहान मुलांचे फोटो आले, ते कोण निस्तरणार. दुसरी म्हणजे आरतीचं अ‍ॅप, एकाने पान उलटलं की घरातल्या सगळ्यांच्या फोनवर तेच कडवं, कारण पहिलं कडवं सगळे जोरात म्हणतात आणि दुसऱ्यापासून फक्त टाळ्याच ऐकू येतात. 😄

माझं मन तिसरीवर आहे. आमच्याकडे आई संकष्टी करते आणि नागपूरला मावशीसुद्धा. परवा आईने मुंबईची चंद्रोदयाची वेळ फोनवर सांगितली तर मावशी म्हणते, अगं इथे कधीच वर आलाय, मी जेवून ताट पण घासलं. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. तर आपल्या गावाची चंद्रोदयाची वेळ दाखवणारं, ऑफलाइन चालणारं, बाकी काहीही नसलेलं अ‍ॅप. पण हे गणित आम्हाला झेपेल का? आणि नऊ जणांना पुरेल एवढं काम निघेल का?

प्रतिसाद १:
तिसरंच धरा. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या किती पुढे आहे तो कोन, १२ अंशाला एक तिथी. कोनाला १२ ने भागा, पूर्णांक घ्या, १ मिळवा. वद्य चतुर्थी १९ वी, म्हणजे २१६ ते २२८ अंश. दोघांच्या स्थानातला फरकच घ्यायचा असल्याने अयनांश (राशिचक्राचा आरंभबिंदू हळूहळू सरकतो त्याची दुरुस्ती) लागतच नाही, अर्धी डोकेदुखी तिथेच गेली. अधिक महिना काढायला मात्र संक्रांती, म्हणजे सूर्य रास बदलतो ते क्षण, लागतात, तिथे अयनांश आलाच. अ‍ॅस्ट्रॉनॉमी इंजिन नावाची लायब्ररी (तयार कोड) बघा, एमआयटी लायसन्स आहे, म्हणजे फुकट आणि जवळपास बिनशर्त वापरता येते, हा कोन आणि चंद्रोदय दोन्ही देते. स्विस एफेमेरिस ही तशीच दुसरी लायब्ररी पण भारी आहे पण फुकट वापरायचं तर एजीपीएल लायसन्स, म्हणजे आपला कोडही खुला करावा लागतो, ते आधी वाचून घ्या.

प्रतिसाद २:
कोन सोपा आहे हो, नियम अवघड. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी हवी, गणेश चतुर्थीला मध्यान्ही, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी अमावास्या. २०२४ ला ३१ ऑक्टोबर का १ नोव्हेंबर यावरून केवढा गोंधळ झाला होता आठवतंय ना? दोन्ही दिवशी चंद्रोदयाला चतुर्थी सापडली किंवा एकाही दिवशी नाही, अशा केसेस आधी लिहून काढा आणि छापील पंचांगाशी ताडून बघा. मागच्या दहा वर्षांच्या संकष्ट्या हाताने टाइप करून टेस्ट बनवा, पोरांना हेच काम द्या, कंटाळतील पण कोड करणाऱ्यापेक्षा जास्त शिकतील.

धागाकर्ता:
दोघांनाही दंडवत. तिसरं फायनल, आणि यंदा फक्त संकष्टी, बाकी सण अजिबात नाहीत. दोघं गणित, दोघं स्क्रीन, एक जण गावांचे अक्षांश-रेखांश, उरलेले चौघं जुनी पंचांगं घेऊन बसतील. किल्लेवाले जरा रुसलेत. एकच राहिलं, डोंगराआड चंद्र उशिरा दिसतो त्याचं काय करायचं, कोणी केलंय का? टेस्टिंगला मावशी तयार आहे, म्हणाली अक्षरं मोठी ठेवा, रात्री चष्मा सापडत नाही.